वर्गात सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पाचवीचा वर्ग, ४० मुलं, घरी बोलायच्या भाषा तीन-चार, एक मूल कानाला मशीन लावतं, एकाला डिस्लेक्सिया आहे म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जातं, काही घरं चांगली खातीपिती आणि काही अगदीच ओढगस्तीची, आणि मुलं आपापली टोळकी सोडून दुसऱ्यात मिसळत नाहीत. शाळेने मोठ्या हौसेने विविधता दिवस साजरा केला, पोस्टर लावली, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग होता तिथेच. मग रोज काय करायचं, आणि हे करता करता सिलॅबस मागे पडला तर काय?

आधी त्या दिवसाबद्दल बोलते. त्यात वाईट काही नाही, मुलांना मजा येते, पण त्याने वर्ग बदलेल ही अपेक्षा ठेवू नका. मुलं या बाबतीत जे काही शिकतात ते वर्गातल्या वाटपातून शिकतात. टीचरचं लक्ष कुणाला मिळतं, बोलायची पाळी कुणाची येते, उत्तर चुकलं तर सावरायला वेळ कुणाला देतात, पुढचा बेंच कुणाचा, पाहुणे आले की स्वागताला कोण आणि बेंच उचलायला कोण. हे रोज पाच-सहा तास चालू असतं आणि पोरं ते बारकाईने टिपत असतात. एका दिवसाचं भाषण याच्यापुढे काय टिकणार! त्यामुळे माझं सगळं उत्तर या वाटपाबद्दलच आहे, बाकी गोष्टी ओघाने येतील.

"मी सगळ्यांना सारखंच वागवते, मला मुलांमधले फरक दिसतच नाहीत" असं स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येतं. हेतू चांगला असतो पण मुलांना दिसतात ना फरक. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने १९४० च्या सुमारास अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारलं चांगली कुठली, वाईट दिसणारी कुठली, तर बऱ्याच मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून दाखवली. १९५४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला तेव्हा निकालाच्या तळटिपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आला. तीन वर्षांच्या मुलाला हे दिसतं तर पाचवीतल्याला किती दिसत असेल. त्यामुळे "लहान आहेत, त्यांना काय कळतंय" हे डोक्यातून काढूनच टाका.

आता काम. काहीही बदलायच्या आधी मोजा. एका कागदावर वर्गाच्या बैठकीचा नकाशा काढा, चौकोन चौकोन, प्रत्येकात नाव, आणि एखाद्या सहकाऱ्याला मागे बसवून सांगा की मी कुणाला प्रश्न विचारला की त्या चौकोनात टिंब, मूल आपणहून बोललं की आडवी रेघ, मी रागावले की फुली आणि नाव घेऊन कौतुक केलं की गोल. एका तासात चित्र दिसायला लागतं. मी बऱ्याच जणांच्या वर्गात मागे बसून हे केलंय आणि कागद साधारण एकसारखेच निघतात, टिंबं पुढच्या-मधल्या बेंचवर दाटीवाटीने, फुल्या ठरलेल्या चार-पाच पोरांवर, आणि काही चौकोन कोरेच्या कोरे. मला काळजी त्या कोऱ्या चौकोनांची वाटते. फुल्यावाल्या पोरांकडे निदान कुणाचं तरी लक्ष आहे! कोरं मूल त्रास देत नाही, वही पूर्ण करतं, कुणाला आठवतही नाही. आणि गंमत म्हणजे कागद हातात पडला की जवळजवळ प्रत्येक शिक्षकाची पहिली प्रतिक्रिया "आज जरा वेगळा दिवस होता हो" अशीच असते, तेव्हा दोन-तीन वेगवेगळ्या विषयांच्या तासाला करून बघा म्हणजे शंकेला जागा राहात नाही.

याच्या जोडीला एक गोष्ट, प्रश्न विचारल्यावर आपण थांबतो किती. मेरी बड रो नावाच्या विज्ञान शिक्षणातल्या संशोधकाने १९७० च्या आसपास वर्गातले ऑडिओ टेप ऐकून मोजलं तर शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा धड थांबत नव्हते, आणि ज्या मुलांना ते कच्ची समजायचे त्यांच्यासाठी तर त्याहूनही कमी. तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागल्यावर उत्तरं लांबली, "माहीत नाही" म्हणणं कमी झालं आणि कधी न बोलणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण उभं राहून बघा, फार लांब वाटतात ते. मनात आकडे मोजा. दुसऱ्या भाषेतून येणारं मूल आधी प्रश्न समजून घेतं, मग उत्तर आपल्या भाषेत जुळवतं, मग तुमच्या भाषेत आणतं, तोवर पुढच्या बेंचवरचा बोलून मोकळा झालेला असतो.

हात वर करणाऱ्यांनाच विचारायची सवय मोडायला नावांच्या चिठ्ठ्या काढणं हा उपाय सगळे सांगतात, मीही सांगते पण एक अट घालून. बोलताना अडखळणाऱ्या किंवा भाषेला बुजणाऱ्या मुलाला अचानक उभं करणं म्हणजे शिक्षाच. म्हणून आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, आणि मग चिठ्ठी काढायची. फ्रँक लायमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेली ही साधी पद्धत आहे आणि तिचा फायदा असा की मूल उभं राहतं तेव्हा त्याचं उत्तर एकदा बोलून झालेलं असतं, शिवाय "आम्ही दोघांनी असा विचार केला" असं म्हणायची सोय असते, म्हणजे चूक एकट्याच्या अंगावर येत नाही. फारच बुजरं मूल असेल तर तासाच्या आधी हळूच सांगून ठेवा, आज तिसरा प्रश्न तुला विचारणार आहे.

हजेरी हा आपल्याला रटाळ वाटणारा भाग, पण बघा कसं होतं. अडखळणाऱ्या बऱ्याच मुलांना ठरावीक वेळी ठरावीकच शब्द म्हणणं सगळ्यात अवघड जातं, स्वतःचं नाव तर फारच. त्यामुळे हजेरीची पाळी जवळ येईपर्यंत ते मूल आतल्या आत घामाघूम. मग सगळ्या वर्गालाच मोकळीक द्या, हात वर केला तरी चालेल, बोललं तरी चालेल. एकट्यालाच सूट दिलीत की त्याच्यावर शिक्का बसला, सगळ्यांना दिलीत की विषय संपला. हे तत्त्व पुढेही बऱ्याच ठिकाणी लागू पडेल. आणि नावं नीट म्हणा. वेगळ्या भाषेतलं नाव आपल्याला जमत नाही म्हणून परस्पर छोटं करून टाकू नका, मुलाला एकटं गाठून दोन-तीनदा म्हणून घ्या, कागदावर आपल्या लिपीत उच्चार लिहून ठेवा. टीचर ज्या नावावर हसतात त्या नावावर वर्ग वर्षभर हसतो.

आता टोळक्यांबद्दल. मुलांना जागा बदलून बसवणं हा पहिला उपाय सुचतो, पण कोण कुणाच्या जवळचं आणि कोण सगळ्यांपासून तुटलेलं हे न कळता बदललंत तर एकटं मूल आणखी एकटं पडतं. याकोब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञांनी १९३० च्या दशकात यासाठी एक पद्धत रूढ केली, तिला सोशिओग्राम म्हणतात. प्रत्येक मुलाला कागद द्या, "पुढच्या प्रोजेक्टला कुणाबरोबर काम करायला आवडेल अशी तीन नावं लिही, कागद फक्त मी बघणार". घरी बसून नावांचे गोल काढा आणि बाण जोडा. कुणाकडे दहा बाण येतात, कुणाकडे एकही नाही, आणि भाषेच्या किंवा पैशाच्या रेषा ओलांडून जाणारे बाण कुठे आहेत ते बघा. हे ओलांडणारे बाण म्हणजे तुमचं भांडवल, तिथून गट बांधायला सुरुवात करा, आणि ज्याच्याकडे बाण नाही त्याला त्याने स्वतः लिहिलेल्या तिघांपैकी एकाबरोबर ठेवा. "कुणाबरोबर काम करायला आवडणार नाही" हा प्रश्न मात्र चुकूनही विचारू नका, कागद गोळा होईपर्यंत त्याची चर्चा मधल्या सुट्टीत पोचलेली असते.

नुसतं शेजारी बसवून मैत्री होत नाही हे मात्र खरं. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या गटातल्या माणसांनी एकत्र येऊन पूर्वग्रह कमी व्हायचा असेल तर त्या प्रसंगात दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, एकमेकांशी स्पर्धा नको सहकार्य हवं, आणि वरच्यांचा म्हणजे इथे तुमचा आणि शाळेचा उघड पाठिंबा हवा. नंतर २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप या मानसशास्त्रज्ञांनी ५०० हून जास्त अभ्यास एकत्र तपासले, त्यात दिसलं की एरवीच्या संपर्कानेही पूर्वग्रह काही प्रमाणात कमी होतो पण या अटी पाळल्या तर परिणाम जास्त. आता आपलं नेहमीचं ग्रुपवर्क या अटींवर तपासा. एक हुशार मुलगी सगळं लिहिते, दोघं चित्रात रंग भरतात, एक टाइमपास करतो आणि एकाला कुणी काही करूच देत नाही. दर्जा समान कुठाय? उलट कोण बिनकामाचं हे सगळ्यांना नव्याने कळतं.

म्हणून मी जिगसॉ नावाच्या गटपद्धतीवर जोर देते. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात कोर्टाच्या आदेशाने गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा इलियट अरॉन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत काढली. धड्याचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा, आणि बाकीचा धडा कळण्याचा एकमेव रस्ता म्हणजे बाकीच्यांचं ऐकणं. त्यांच्या एका गटातला प्रसंग मला फार आवडतो, इंग्रजी कच्चं असलेला एक मुलगा आपला भाग सांगताना अडखळत होता आणि बाकीचे त्याची टर उडवत होते, तर तिथल्या सहाय्यकाने उपदेश वगैरे काही केला नाही, एवढंच सांगितलं की चिडवण्यात मजा येत असेल पण त्याने तुम्हाला त्याचा भाग कळणार नाही आणि तासाभराने परीक्षा आहे. मग पोरं आपणहून त्याला नीट प्रश्न विचारायला लागली, आणि प्रश्न चांगले आले तसा तोही बोलायला लागला.

तुमच्या ४० च्या वर्गात कसं बसवायचं ते सांगते. समजा धडा ज्वालामुखीचा आहे. पाच तुकडे करा: मॅग्मा वर कसा येतो, लाव्हा आणि राख यांतला फरक, सन ७९ मधला व्हेसुव्हियसचा उद्रेक आणि पॉम्पेई, ज्वालामुखीच्या मातीत पिकं का चांगली येतात, आणि उद्रेकाची पूर्वसूचना कशी मिळते. पाच-पाच जणांचे आठ गट, हे मूळ गट, आणि ते तुम्ही सोशिओग्राम समोर ठेवून पाडायचे, मुलांवर सोडायचे नाहीत. प्रत्येक गटात १ ते ५ तुकडे वाटा. मग सगळे १ नंबरवाले एकत्र, सगळे २ नंबरवाले एकत्र, असे जाणकारांचे गट बसवा, पण ते आठ-आठ जणांचे होतील आणि आठात चौघं गप्पच बसतात म्हणून प्रत्येकाचे दोन करा, चार-चार जणांचे. इथे मुलं आपला तुकडा वाचतात, एकमेकांना विचारतात, आणि मूळ गटात जाऊन कसं सांगायचं याची तालीम करतात. ही तालीम अजिबात गाळू नका, कच्च्या मुलाला गटापुढे ताठ मानेने बोलता येतं ते हिच्यामुळेच. मग मूळ गटात परत, प्रत्येकाला तीन-चार मिनिटं, आणि शेवटी सगळ्या धड्यावर छोटी चाचणी, प्रत्येकाची वेगळी आणि मार्कही ज्याचे त्याला. गटाला मिळून मार्क दिलेत की हुशार पोरं आणि त्यांचे पालक दोघंही तुमच्या दारात.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला त्याचा तुकडा आदल्या दिवशी द्या, जमलं तर मोबाईलवर वाचून रेकॉर्ड करून द्या, आणि आकृतीवाला तुकडा असेल तर उत्तमच. कानाला मशीन लावणाऱ्या मुलाचा गट भिंतीकडच्या शांत कोपऱ्यात ठेवा, खिडकी आणि दरवाजापासून लांब. एका तासात हे सगळं मावत नाही, दोन जोडून तास घ्या. पहिल्या वेळेला गोंधळ होणार हे धरून चाला, गलकाही होईल, शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तरीही एक प्रश्न राहतो, काही मुलांना वर्गाने आधीच ढ ठरवलेलं असतं आणि ती बरोबर बोलली तरी कुणी ऐकत नाही. यावर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांनी बरंच काम केलं. त्यांचं म्हणणं असं की वर्गात मुलांना न बोलता एक पत मिळालेली असते, कुणाला मोठी कुणाला छोटी, आणि पत मोठी असलेलं मूल जास्त बोलतं म्हणून जास्त शिकतं. ती पत शिक्षकाला हलवता येते. कशी, तर असं काम द्या ज्याला वाचन-लेखनापलीकडची बरीच कौशल्यं लागतात, मग त्या कमी पत असलेल्या मुलावर नजर ठेवा, आणि त्याने खरोखर काही उपयोगाचं केलं की ते गटासमोर नेमक्या शब्दात सांगा. "शाब्बास, छान" याचा काडीचा उपयोग नाही. "मॉडेल डावीकडे कलतंय हे याच्या लक्षात आलं, त्याने खालचा पुठ्ठा दुमडून दुहेरी केला, तुमच्या गटाला पुढे उंची वाढवताना हे लागणार आहे, त्याला विचारा." असं सांगायचं. कौतुक खरं पाहिजे आणि त्या कामाला लागणारं पाहिजे. खोटं कौतुक पोरं लगेच ओळखतात आणि मग त्या मुलाचं हसं होतं ते वेगळंच.

शिक्षकाच्या डोक्यात मुलांची जी पत ठरलेली असते तिचं काय? रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा १९६८ चा प्रयोग तुम्ही डीएड-बीएडला वाचला असेलच, चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठलीही मुलं निवडून शिक्षकांना सांगितलं की ही यंदा झेप घेणार आहेत, आणि खालच्या इयत्तांमधल्या त्या मुलांचे बुद्ध्यांक खरंच जास्त वाढलेले दिसले. त्यावर नंतर भरपूर वाद झाले आणि परिणाम सुरुवातीला वाटला तेवढा मोठा नसतो हेही पुढे आलं, तेव्हा त्याचा फार डंका पिटू नये. पण वर्षभर त्याच हुशार रांगेत आणि त्याच कच्च्या रांगेत मुलं बसवून ठेवणं बंद करायला एवढंही पुरेसं आहे. कच्च्या मुलांचा वेगळा गट लागतोच कधीकधी, अपूर्णांकासाठी लागेल, पण अपूर्णांक संपला की गट मोडा.

आता कानाच्या मशीनबद्दल जरा खोलात जाते कारण इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की मशीन लावलं म्हणजे ऐकू येतं, झालं. मशीन आवाज मोठा करतं, पण सगळेच आवाज मोठे करतं, पंखा, बेंच सरकवल्याचा, बाहेरच्या गाड्यांचा. साधारण दोन मीटरच्या पुढे गेलात की तुमचा आवाज बाकीच्या आवाजात मिसळायला लागतो. म्हणून त्याला पुढे बसवा पण अगदी मधोमध पहिल्या बेंचवर नको, पुढून दुसऱ्या रांगेत एका बाजूला बसवलं तर त्याला तुमचा चेहराही दिसतो आणि मान वळवून बोलणाऱ्या मुलांचाही. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आधी लिहा, वळा, मग बोला. खिडकीला पाठ करून उभे राहू नका, चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. मागच्या बेंचवरून कुणी उत्तर दिलं तर ते तुम्ही पुन्हा म्हणा, ही एक सवय लागली तरी अर्धं काम झालं, आणि मागच्या बेंचचं पुटपुटणं बाकीच्यांनाही कुठे ऐकू आलेलं असतं! बेंचच्या पायांना रबरी बूच लावा. आणि "कळलं का?" असं त्याला विचारू नका, सगळी मुलं त्यावर हो म्हणतात, "मी काय सांगितलं ते तू शेजाऱ्याला सांग" असं म्हणा.

डिस्लेक्सियाच्या बाबतीत एकच ठरवून घ्या, या क्षणी मी वाचन तपासतेय की ज्ञान तपासतेय. इतिहासाच्या तासाला ज्ञान तपासत असाल तर प्रश्न वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या, स्पेलिंगचे मार्क कापू नका. मोठ्याने वाचनाची पाळी रांगेने लावू नका, ते मूल आपला परिच्छेद कुठला येणार हे मोजत बसतं आणि धडा त्याच्या कानावरसुद्धा पडत नाही. ज्याला वाचायचंय त्याने हात वर करावा, सगळ्या वर्गाला तीच मुभा. आणि अडचण आहे पण तिचं सर्टिफिकेट नाही अशीही मुलं असतात हे लक्षात असू द्या. रंगांधळेपणा बघा ना, युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे ८ टक्के आहे, बाकी ठिकाणी त्याहून कमी, मुलींमध्ये फारच थोडा, पण ४० च्या वर्गात एखादा मुलगा असा असणं अगदी शक्य आहे आणि त्याचं त्यालाही माहीत नसतं. हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहिलेलं त्याला धड दिसत नाही आणि आपण म्हणतो पोराचं लक्ष नाही. नकाशात नुसते रंग न देता रेघा-ठिपकेही द्या, सगळ्यांनाच सोपं जातं.

वर्गातल्या एखाद्या शहाण्या मुलीला "तू हिची काळजी घे" म्हणून कायमची जोडून देणं मला पसंत नाही. दोघींचं नुकसान होतं, एक कायम देणारी आणि एक कायम घेणारी. मदतीचं काम दर आठवड्याला फिरवा, आणि मदत घेणारं मूलही कशात ना कशात मदत देणारं असलं पाहिजे. तसंच डोळ्याला पट्टी बांधून "अंध होऊन बघा" असले खेळही टाळा. अशा प्रयोगांवर अभ्यास झालेत, मुलांना वाटतं ती बहुतेक भीती आणि कीव, आणि कीव वाटणाऱ्याशी कुणी बरोबरीने खेळत नाही. मुलांना डोळ्यांच्या रंगावरून उच्च-नीच ठरवायचा जो प्रयोग जेन इलियट या शिक्षिकेने १९६८ मध्ये केला त्याचे व्हिडिओ बघून काही उत्साही शिक्षक तसं करायला जातात, कृपा करून नका करू, वर्गात आधीच जी मुलं हे रोज सोसतायत त्यांच्यावर पुन्हा तेच कशाला.

भाषेचं एक महत्त्वाचं. जिम कमिन्स या भाषाशिक्षणाच्या संशोधकांनी १९७९ पासून हा फरक मांडलाय की गप्पांची भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते पण पुस्तकातली, विचार मांडायची भाषा बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. म्हणजे मैदानावर फडाफडा बोलणारं मूल परीक्षेत कोरा पेपर देतं तेव्हा ते आळशी नसतं. त्याला आधी घरच्या भाषेत विचार करू द्या, त्या भाषेचं दुसरं मूल असेल तर दोघांना आपल्या भाषेत चर्चा करू द्या, कच्चं लिखाण त्या भाषेत करू द्या. "वर्गात ती भाषा बोलायची नाही" हा नियम असेल तर आजच काढा. आणि कुठल्याही मुलाला आपल्या समाजाचा प्रतिनिधी करू नका, "तुमच्यात हे कसं करतात रे, सांग बघू सगळ्यांना" असं चारचौघात विचारलं की मूल मान खाली घालतं, त्याला सांगायचं असेल तेव्हा ते सांगेल.

पैशाचं तर पटकन सांगते कारण सगळ्यांना माहीत असतं पण कुणी करत नाही: फी राहिलेल्यांची नावं वर्गात वाचू नका, सुट्टीत कुठे फिरायला गेलात असा निबंध देऊ नका, प्रोजेक्टचं सामान शाळेतलंच वापरा, वडील काय करतात हे सगळ्यांपुढे विचारू नका. वंशवृक्षाच्या प्रोजेक्टऐवजी "माझ्याजवळची माणसं" असं काहीतरी द्या, प्रत्येक घरात आई आणि वडील दोन्ही असतातच असं नाही.

आणि वर्गात कुणी कुणाला जातीवरून, धर्मावरून, रंगावरून, अपंगत्वावरून बोललं तर? तिथल्या तिथे थांबवा, कानाडोळा केलात तर सगळ्यांना परवानगी मिळाली. पण थांबवणं दोन वाक्यांचं असू द्या, "हा शब्द या वर्गात माणसांसाठी वापरायचा नाही. चला, पुढचं गणित." लेक्चर नको, ज्याला बोललं गेलं ते मूल त्या सगळ्या वेळात आणखी चव्हाट्यावर येतं. नंतर त्याला एकट्याला भेटा आणि आधी त्याचं ऐका. बोलणाऱ्याशी वेगळं बोला, शब्द कुठून आला ते विचारा, बऱ्याचदा अर्थ माहीतच नसतो. वर्गासमोर सॉरी म्हणायला लावून हात मिळवायला लावणं सोडून द्या, त्याने प्रकरण मिटल्यासारखं फक्त आपल्याला वाटतं.

मुख्याध्यापक किंवा पालक "अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात की" म्हणाले तर तापू नका. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनी मान्य केलंय की नेहमीच्या शाळांनी सगळ्या मुलांना सामावून घ्यावं, आणि २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं कलम २४ सर्वसमावेशक शिक्षण हा हक्क मानतं. हे शांतपणे सांगा, आणि लगेच तुम्हाला लागणारी एखादी साधी गोष्ट मागा, रबरी बूच, जोडून तास, किंवा महिन्यातून एकदा मागे बसायला सहकारी. कराराच्या गप्पा ऐकून माणसं मान डोलावतात, मागणी छोटी असली की ती मंजूरही होते. पालकांना पहिला फोन तक्रारीचा नको, वर्षाच्या सुरुवातीलाच मुलाची एक चांगली गोष्ट सांगायला करा, आणि भाषेची अडचण असेल तर दुभाष्या म्हणून त्याच मुलाला उभं करू नका, दुसरं मोठं माणूस शोधा.

सिलॅबसचं म्हणाल तर यातल्या बहुतेक गोष्टींना जास्तीचा वेळ लागतच नाही, तीन सेकंद थांबणं, उत्तर पुन्हा म्हणणं, खडूचा रंग बदलणं, हजेरीतली मोकळीक. वेळ लागतो तो जिगसॉला, पण त्यात धडाच शिकवून होतो, वेगळं काही करायचं नसतं. महिन्यातून दोन धडे एवढंच धरा. पहिला धडा निवडताना फक्त एक बघा, त्याचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नसावेत. भूमितीची सिद्धता किंवा एका पायरीवर दुसरी पायरी उभी असलेलं कुठलंही गणित यासाठी घेऊ नका, पहिला तुकडा कळल्याशिवाय तिसरा कळत नाही आणि सगळा गट अडकतो. भूगोल, इतिहास, विज्ञानातला माहितीचा धडा घ्या, आणि पाच तुकड्यांची लांबी सारखी ठेवा, नाहीतर ज्याचा छोटा तो आधी मोकळा होऊन शेजारच्या गटात उंडारतो.